न टोचलेला खिळा

सोमवार, २ सप्टेंबर

प्रिय दादा,

वहिनीचं पत्र आलं. तिने तुला न सांगता लिहिलंय, तेव्हा तिच्यावर डाफरू नकोस. डाफरायचंच तर माझ्यावर डाफर, मला सवय आहे. ती लिहिते की फेब्रुवारीपासून तू एकदाही चर्चमध्ये संदेश द्यायला उभा राहिलेला नाहीस. तुझा मदतनीस बोलतो आणि तू सगळ्यात मागच्या बाकावर, दाराशी, कोटसुद्धा न काढता बसतोस. शेवटचं गीत सुरू झालं की मंडळी मागे वळायच्या आत बाहेर. लोक वहिनीला विचारतात की पाळकसाहेबांचा घसा बसलाय का. सात महिने कोणाचा घसा बसतो?

फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी "हं" आणि "बरं" यापुढे तुझी गाडी सरकत नाही. म्हणून कागद घेतला. कागदाला मध्येच "कोणीतरी आलंय, ठेवतो" असं सांगता येत नाही.

तुझ्या डोक्यात काय बसलंय ते मला ठाऊक आहे. डॉक्टरीणबाईंनी आईच्या कागदावर लिहिलं तेच: नव्या बुटाने घासून जखम. तू जानेवारीत आलास, आईसाठी ते महागाचे बूट आणलेस, तिने ते घातले. तू चर्चमध्ये बोललास त्या रविवारपासून चौथ्या दिवशी पायाला जखम सापडली, त्यानंतर दहाव्या दिवशी पाय कापावा लागला आणि एकविसाव्या दिवशी आई गेली. असं एका दमात सांगितलं की कोणालाही वाटेल, पहिल्या गोष्टीमुळेच शेवटची झाली.

पण साखरेच्या आजारात पायाचं असंच असतं रे. तू लांब राहतोस, तुला रोजचं माहीत नाही. तुझ्या-माझ्या बुटात वाळूचा कण गेला तरी आपण दहा पावलांत थांबतो, बूट काढून झटकतो. आईला ते दहावं पाऊल कधी येतच नव्हतं. पाच वर्षं तिचे तळवे बधिर होते. एकदा उकळत्या पाण्याच्या भांड्याला पाय टेकवून ती माझ्याशी गप्पा मारत बसली होती, आणि मी ओरडले तेव्हा उलट मलाच म्हणाली, "किंचाळतेस काय, शेजारी काय म्हणतील!"

अशाच पायांचे बूट आम्ही करतो. अकरा वर्षं मी या कार्यशाळेत आहे आणि तू एकदाही आत आला नाहीस, म्हणून सांगते. हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, धुलाईघर आणि जनरेटरच्या मधली खोली. मुख्य दारातून येणाऱ्या कोणाला ती दिसत नाही. दोन खिडक्या, तीन स्टुलं, भिंतीवर पायाच्या आकाराचे लाकडी फर्मे टांगलेले, आणि सोल्यूशनचा असा वास की संध्याकाळी डोकं जड होतं. मास्तर, एक चष्मेवाला आणि मी. मऊ रबराचा तळ, वर कातडं, पायाच्या मापाने खोलगट केलेलं. सगळं सोल्यूशनने चिकटवायचं आणि चोवीस तास दाबाखाली ठेवायचं. खिळा मारायचा नाही. एकही नाही, तात्पुरतासुद्धा नाही. कार्यशाळेत हातोडी आहे, पण खिळ्यांचा डबाच नाही.

आई लोकांना सांगायची, "थोरला देवाचं काम करतो आणि धाकटी हॉस्पिटलात मदत करते." मदत म्हणजे काय, ते तिने कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण मला राग यायचा.

तुझे बूट मी टाकलेले नाहीत. कपाटात वरच्या फळीवर आहेत. चांगले बूट आहेत रे. येत्या रविवारी उभा राहा, एवढंच सांगायला हे पत्र.

तुझी,
धाकटी


शनिवार, ७ सप्टेंबर

प्रिय दादा,

पहिलं पत्र तुझ्या हातात पडलंय की नाही कोण जाणे, आणि मी दुसरं लिहायला बसलेसुद्धा. आज अर्धा दिवस सुट्टी होती. कपडे धुतले, आईची खोली झाडली, आणि मग हातांना काही सुचेना.

लहानपणी तू पाळक-पाळक खेळायचास ते आठवतं? खोक्यावर उभा राहून, बाबांचा कोट अंगात घालून. मंडळी म्हणून मी एकटीच. माझ्याने पुरेना म्हणून मी घरातल्या सगळ्यांच्या चपला-बूट ओळीने मांडायची. पुढे बाबांचे, मग आईच्या, मग पाहुण्यांचे. तू त्या चपलांना इतका रडवेला उपदेश करायचास की एकदा मीच रडले. मग उपासना संपली की तू पाणी प्यायला जायचास आणि मी सगळ्यांच्या चपला जागच्या जागी ठेवायची. तेव्हा मला त्यात काही वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटायला लागलं ते नंतर, जेवताना बाबा म्हणायला लागले तेव्हा. "थोरल्याला देवाचं पाचारण आहे." आणि मग मी समोरच बसलेय हे लक्षात आलं की, "धाकटीच्या हाताला छान वळण आहे."

पाचारण हा शब्द मी एवढा ऐकला की मला वाटायचं, ती एखादी टपालाने येणारी वस्तू असावी आणि आपल्या घरी ती एकच आली. तुझ्यावर चिडले मी, खूप वर्षं. येशूने शिष्यांचे धुतले तसे तू वर्षातून एकदा बारा जणांचे पाय धुतोस. बाराही जण घरूनच पाय घासून, नखं कापून येतात, हे तुलाही माहीत आहे. तुझा फोटो छापून आला होता, टॉवेल खांद्यावर टाकलेला. आईने तो चौकटीत बसवला. मी त्या दिवशी सात जणांच्या पायांची मापं घेतली होती, त्यातल्या तिघांच्या पायाला बोटं नव्हती. मला कोणी चौकटीत बसवलं नाही. बघ, हे असं माझ्या मनात असायचं.

आता जुलैतली गोष्ट सांगते. आमच्याकडे एक रिटायर झालेले पोस्टमन येतात. तीस वर्षं पायी फिरले आणि आता त्याच पायांना काही कळत नाही. त्यांचे नवे बूट चष्मेवाल्याने केले होते. आमच्याकडे एक रीत आहे. बूट बाहेर जायच्या आधी आत उघडा हात घालून कोपरा न् कोपरा चाचपायचा, आणि ज्याने बूट केला त्याने नाही, दुसऱ्याने. आपण केलेल्या बुटात आपल्याला चूक सापडत नाही, असं मास्तर म्हणतात. मास्तरांना स्वतःला ते जमत नाही. तरुणपणी त्यांना कुष्ठरोग झाला होता. रोग बरा झाला, पण बोटं बधिर ती बधिरच राहिली. ते डोळ्यांनी काम करतात. त्यांच्यासारखे बूट कोणी करू शकणार नाही, पण आत काय टोचतंय ते त्यांना दुसऱ्याला विचारावं लागतं.

तर मी पोस्टमनच्या बुटात हात घातला आणि टाचेजवळ मला काहीतरी लागलं. वाळलेल्या सोल्यूशनचा थेंब होता, काचेसारखा कडक, ज्वारीच्या दाण्याएवढा. मी "स्स" केलं.

"काय झालं बाई? लागलं?" पोस्टमन म्हणाले.

"थोडंसं."

"बरं झालं तुम्हाला लागलं," ते हसून म्हणाले. "मला लागलं असतं तर मला पत्ताच लागला नसता!"

चष्मेवाला खजील होऊन तो थेंब तासायला रापी शोधायला उठला. मी मात्र हात तसाच आत ठेवला. दादा, आई गेल्यापासून मी प्रार्थना केली नव्हती. तोंड उघडलं तरी शब्दच यायचे नाहीत. तेव्हाही शब्द आले नाहीत, पण प्रार्थना झाली. एवढीच की, हे मला लागतंय आणि या माणसाला लागणार नाही, म्हणून तू मला इथे बसवलंस. बस. अकरा वर्षं मी समजत होते की मला कोणी बोलावलंच नाही, हाताला वळण होतं म्हणून इथे येऊन पडले. त्या दुपारी मला कळलं की मी बोलावलेलीच आहे. कार्यशाळेत कोणाचं लक्ष नव्हतं, मी चेहरा एप्रनला पुसला आणि पुढचा बूट घेतला.

मला आनंद झाला, संध्याकाळपर्यंत. मग घरी आले, दार उघडलं, आणि आनंद गेला. त्या स्टुलावर बसायचा मला हक्क आहे का, हे मला तुला विचारायचंय. आणि ते विचारायचं तर आधी एक गोष्ट सांगावी लागेल. आज नाही सांगत. आज हात दुखतोय.

तुझी,
धाकटी


रविवार, १५ सप्टेंबर

दादा,

हात दुखत नव्हता.

तुझ्या बुटांनी काहीही झालं नाही. आईच्या पायात खिळा गेला होता, माझ्या बुटातला, मी मारलेला. हे वाक्य मी आठ दिवस मनात लिहितेय. पुढचं वाचायचं नसेल तर इथे थांबलास तरी चालेल, कारण खरं तेवढंच आहे. बाकी सगळं ते कसं झालं याचं आहे.

जानेवारीतला तो शेवटचा रविवार. सहा वर्षांनी तू आला होतास आणि बाबांच्या जुन्या चर्चमध्ये बोलणार होतास. शनिवारी तू बॅगेतून ते बूट काढलेस. आईने ते गालाला लावले, आठवतं? बुटांना गाल लावला तिने. मी केलेले बूट पाच वर्षं पायात घालून फिरली, पण त्यांना एकदाही असं केलं नव्हतं. सकाळी ती तुझेच बूट घालायला निघाली. मी म्हटलं, नवे बूट पहिल्या दिवशी तासाभरापेक्षा जास्त घालायचे नसतात, माझे घाल. हा नियम खरा आहे. पण मी नियमासाठी बोलत नव्हते. बाबांच्या चर्चमध्ये, पहिल्या बाकावर, तुझं बोलणं ऐकताना आईच्या पायात माझं काहीतरी असावं, एवढंच मला हवं होतं.

आणि माझ्या उजव्या बुटाचा पट्टा निसटलेला होता. तळाच्या थरांतून सुटून आला होता. दोन आठवडे मी "करते, करते" म्हणत होते. चिकटवायचा तर चोवीस तास लागतात आणि माझ्याकडे वीस मिनिटं होती. तू अंघोळीला गेला होतास, आतून गीत ऐकू येत होतं. मी स्वयंपाकघरातल्या खणातून एक बारीक खिळा घेतला, तुझ्या फोटोची चौकट टांगायला आणलेल्यांपैकीच एक, आणि पट्टा खालून तळाला ठोकला. मनाशी म्हटलं, एका उपासनेपुरता. संध्याकाळी काढते. हातही फिरवला आतून, काही लागलं नाही. पण मीच केलेला बूट आणि मीच फिरवलेला हात.

तू सव्वा तास बोललास. आई सगळ्या गीतांना उभी राहिली. नंतर तुझा हात धरून अख्ख्या मंडळीत फिरली, प्रत्येकाला "माझा थोरला" म्हणून सांगत. चालता चालता रबर दबलं असणार आणि टोक वर आलं असणार. तिला काही कळलं नाही. घरी आलो, पाहुणे आले, माझ्या डोक्यातून ते गेलं. सोमवारी मी कामावर गेले. घरात थोडा वेळ आईने तुझे बूट घातले, तूच म्हणालास ना, "घाल गं आई, घालून फिर." बाकीचा वेळ माझे. मंगळवारी तू गेलास. बुधवारी संध्याकाळी मी तिचे मोजे धुवायला घेतले तर उजव्याच्या तळाला तपकिरी डाग.

पाय बघितला आणि मग बुटात हात घातला. माझ्या बोटाला टोचलं. लगेच टोचलं, दादा, हात पुरता आत जायच्या आधी. ज्याला कळतं त्याला इतकं चटकन कळतं.

मी पकडीने खिळा काढला आणि बटणांच्या डबीत टाकला. आमच्या हॉस्पिटलात पायाची जखम घेऊन येणाऱ्याने पायातले बूटही सोबत आणायचे असतात. गुरुवारी सकाळी पिशवी भरताना मी तुझे बूट घातले तीत. काही विचार करून नाही. पण नकळतही नाही. जखम तोवर एवढी चिघळली होती की तिचं तोंड कुठे आणि खोली किती, काही कळत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी बूट उलटसुलट करून बघितले. म्हणाल्या, "यात तर घासण्यासारखं काही दिसत नाही." मी म्हटलं, "नवे आहेत, दिवसभर घातले तिने." त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असणार. तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं." आणि लिहिलं.

पाय कापला त्या संध्याकाळी तू फोनवर ओरडलास. "तू तिथे असताना हे झालंच कसं? तुझं कामच ते आहे ना?" तुझं चुकलं नव्हतं, माझं कामच ते होतं. पण तू माझ्या कामाचं नाव पहिल्यांदा घेतलंस ते असं. मी म्हटलं, "तुझ्या बुटांनी झालं." तिकडे तू गप्प झालास. आणि अजून गप्पच आहेस.

कबरेजवळ तू प्रार्थना करायला पुढे झाला नाहीस, शेजारच्या मंडळीच्या पाळकांना करायला लावलीस. तेव्हा सांगायला हवं होतं. मी तुझ्या शेजारी उभी होते, आपले खांदे लागत होते.

आणि हो, खिळा म्हटल्यावर तुझ्या डोक्यात आपोआप क्रुसावरच्या खिळ्यांचा एक संदेश तयार व्हायला लागेल. तो करू नकोस. हा खिळा कोणाच्या तारणासाठी नव्हता. तो एका मत्सरी बाईने घाईघाईत मारलेला खिळा होता.

आता विचारते. अशा बाईने त्या स्टुलावर बसावं का?

धाकटी


मंगळवार, २४ सप्टेंबर

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. यायला हवं असा माझा आग्रह नाही. पण तुझ्या उत्तरासाठी थांबणं म्हणजे पुन्हा माझं ओझं तुझ्या गळ्यात घालणं, हे लक्षात आलं आणि मी काल मास्तरांना सांगितलं.

दुपारची वेळ होती, चष्मेवाला धुलाईघरात चहाला गेला होता. मास्तर एका मुलीच्या बुटाचा तळ तासत होते. मी उभी राहिले आणि तुला लिहिलं ते जवळजवळ तसंच सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "खिळा कुठाय?"

माझ्याकडेच होता, बटणांची डबी मी पिशवीत घालून नेली होती. त्यांनी तो चिमटीत धरला, दुसऱ्या हाताच्या बोटावर ठेवून दाबला. टोक आत गेलं, रक्त आलं. ते त्या रक्ताकडे बघत म्हणाले, "अणकुचीदार आहे की." मी धावत जाऊन पट्टी आणली आणि बोट बांधलं.

मग आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आईचे कागद कपाटातून काढले, "नव्या बुटाने घासून" यावर रेघ मारली, वर खरं लिहिलं आणि खाली माझी सही घेतली. त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "मला बुटांत काही दिसत नव्हतं, आणि मी तुमच्या शब्दावर विसंबले." घरच्या माणसाची जखम असली तर कर्मचाऱ्याचा शब्द पुरेसा धरायचा नाही, असं त्यांनी दुसऱ्या कागदावर लिहून भिंतीला लावलं. माझं नाव त्यात नाही. पण धुलाईघरापासून औषधांच्या खिडकीपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. सकाळी मी आत शिरले तेव्हा दोघी बोलता बोलता थांबल्या. थांबू देत.

मी गृहीत धरलं होतं की मला काढणार. माझा एप्रन घडी करून मी टेबलावर ठेवला. आज सकाळी मास्तरांनी तो उचलला आणि माझी रापी, आरी, सोल्यूशनचा डबा, फर्मे, सगळं त्यांच्या टेबलावर नेलं.

"बूट करायचे नाहीत," ते म्हणाले. "कधीपर्यंत ते विचारू नकोस."

"मग मी जाऊ?"

"जातेस कुठे?" त्यांनी काल तयार झालेले बूट माझ्यासमोर ठेवले. अकरा जोड. "यापुढे सगळ्या बुटांत शेवटचा हात तुझा. माझ्याही, याच्याही."

"माझा हात? मास्तर, मी काय केलं ते कालच सांगितलं ना तुम्हाला?"

"म्हणूनच. बूट करणारे मला मिळतील. हात घालताना घाबरणारं माणूस मला कुठे मिळणार?"

चष्मेवाल्याने माझं स्टूल खिडकीजवळ सरकवलं, जिथे उजेड जास्त येतो.

ही माफी नाही, दादा. त्यांनी माफीचा शब्दही काढला नाही आणि मी मागितली नाही. मी बसले आणि पहिल्या बुटात हात घातला. मला भीती वाटली. दुसऱ्यात घालतानाही वाटली. अकरावा जोड संपेपर्यंत ती कमी झाली नाही, आणि ती कमी होऊ नये अशी मी मनात प्रार्थना केली. मी आजवर देवाकडे बरंच काही मागितलंय. भीती पहिल्यांदाच मागितली.

बाबा असते तर याला पाचारण म्हणाले नसते. इथे वचन वाचलं जात नाही, गीत नाही, कोणी डोळे मिटत नाही. लोक बूट घालून निघून जातात आणि आत कोणाचा हात फिरून गेला ते त्यांना माहीतही नसतं. पण मला दुसरं काम नको. तू तुझ्या जागी परत उभा राहिलास तर मी माझ्या जागी बसू शकेन. नाही राहिलास तरी मी बसेन, पण मग रोज तुझी रिकामी जागा समोर दिसत राहील.

तुझी,
धाकटी


गुरुवार, १७ ऑक्टोबर

प्रिय दादा,

तुझं पाकीट काल आलं. उघडलं तर आत अख्खा कोरा कागद आणि मधोमध एकच ओळ. "आईला खरं माहीत होतं का?" वर माझं नाव नाही, खाली तुझं नाही. अक्षर मात्र तुझंच, बाबांसारखं उजवीकडे कललेलं.

ती ओळ मी उभ्याउभ्याच वाचली, मग बसून वाचली. तू शिव्या दिल्या असत्यास तर मी त्या घेतल्या असत्या. माझ्याशी पुन्हा बोलू नकोस म्हणाला असतास तरी मी समजले असते. पण तू नेमकं तेच विचारलंस, जे मी तिसऱ्या पत्रातून गाळलं होतं. तिथे मी सगळं लिहिलं असं तुला वाटलं असेल. मलाही तसंच वाटावं अशी मी मनाची समजूत घातली होती.

नाही, दादा. आईला खरं माहीत नव्हतं.

पाय कापला त्या दिवशी ती दुपारी शुद्धीवर आली. चादरीखाली एका बाजूला सपाट दिसत होतं, तिकडे तिने बघितलं आणि नजर वळवली. मी तिचे ओठ ओल्या कापडाने पुसत होते. तिने विचारलं, "कोणत्या बुटाने झालं गं हे?"

खोलीत आम्ही दोघीच होतो. तिला ऐकायला नीट येत होतं, ती पूर्ण भानावर होती, आणि मी खरं सांगितलं असतं तर ती माझ्यावर रागावलीही नसती. कदाचित म्हणाली असती, "जाऊ दे, घाई मीच केली." मला माफ करायला ती अजून अकरा दिवस जिवंत होती. अकरा दिवस मी रोज तिच्या उशाशी बसले, तिला भरवलं, तिचे केस विंचरले, आणि तिला माफ करायला काही दिलंच नाही. उलट म्हटलं, "दादाने आणलेल्या."

तिने डोळे मिटले. मला वाटलं, पुन्हा झोप लागली. मग तिने माझं मनगट धरलं. तिच्या हातांना शेवटपर्यंत सगळं कळत होतं, पकड चांगली घट्ट होती.

"त्याला सांगू नकोस हं," ती म्हणाली. "जिवाला लावून घेईल. मग उभंच राहवायचं नाही त्याला."

मी "नाही सांगत" म्हटलं. आणि त्याच संध्याकाळी तुला सांगितलं.

धाकटी